गिरमिट ते कोयता : करारात थांबवणारा कोण?

दिवाळी आटोपली की आमच्या लोणखेड्याच्या आसपासच्या रस्त्यांवर ट्रक दिसायला लागतात. सातपुड्याच्या पाड्यांवरून आलेली माणसं, पत्र्याच्या पेट्या, पातेली, दोन-चार कोंबड्या, एखादी शेळी आणि सामानाच्या वर बसलेली पोरं. ट्रक गुजरातकडे निघालेले असतात, बारडोली, नवसारी या उसाच्या पट्ट्यात. पावसाळा जवळ आला की तेच ट्रक उलट दिशेने येतात. लहानपणी आम्हाला हे ऋतूसारखं वाटायचं. वर्गात हजेरी घेताना काही नावांवर गुरुजी न थांबताच पुढे जायचे. ती मुलं ‘तोडीला’ गेलेली असायची.

फेब्रुवारी २०२४ मध्ये फोनवर एक बातमी फिरत होती. महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला होता. सुमारे १० हजार कुशल तरुण-तरुणी तिकडे पाठवायचे. नर्स, इलेक्ट्रिशियन, चालक, हॉटेलात काम करणारे. जर्मन भाषा शिकवण्याची सोय सरकार करणार. आमच्या गल्लीत नर्सिंग करणारी एक मुलगी आहे, तिने ती बातमी मला पाठवली आणि खाली विचारलं, ‘दादा, हे खरं असतं का? यात फसवणूक नसते ना?’

मी तिला लगेच उत्तर देऊ शकलो नाही. करार खरा होता, एवढं मला माहीत होतं. पण ‘फसवणूक नसते ना’ याचं उत्तर बातमीत नव्हतं. ते शोधायला मी मागे गेलो आणि थेट १८३० च्या दशकात पोचलो. माणसं दुसऱ्या देशात कामाला पाठवायची आणि त्यासाठी दोन सरकारांनी कागद करायचा, ही गोष्ट नवी नाही. आपल्याकडे तिला जवळपास दोनशे वर्षं झाली. आणि तीही उसापासूनच सुरू झाली.

साखरेची बेटं

ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने संपली, तेव्हा मॉरिशससारख्या बेटांवरच्या ऊसमळ्यांना माणसं हवी झाली. मळेवाल्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. १८३४ च्या नोव्हेंबरात ‘अ‍ॅटलस’ नावाचं जहाज कलकत्त्याहून मजूर घेऊन मॉरिशसला पोचलं. तिथे २ नोव्हेंबर हा दिवस आजही पाळला जातो. पाच वर्षांच्या लेखी कराराला इंग्रजीत ‘अ‍ॅग्रीमेंट’ म्हणायचे. मजुरांच्या तोंडी त्याचं ‘गिरमिट’ झालं आणि ते करणारा झाला ‘गिरमिटिया’.

१८३७ मध्ये कंपनी सरकारने पहिला कायदा केला. मजूर आणि त्याला नेणारा दलाल यांनी सरकारी अधिकाऱ्यासमोर उभं राहायचं, करार लेखी हवा, मुदत पाच वर्षांची, मुदत संपल्यावर परत आणायची हमी. कागदावर सगळं ठीक होतं. पण दोनच वर्षांत फसवून केलेल्या भरतीच्या आणि जहाजांवरच्या हालांच्या इतक्या तक्रारी झाल्या, की १८३९ मध्ये सरकारने ही वाहतूक बंदच केली.

मळेवाल्यांनी लंडनमध्ये जोर लावला आणि १८४२ मध्ये दार पुन्हा उघडलं. फक्त मॉरिशससाठी आणि कलकत्ता, मद्रास, मुंबई या तीन बंदरांतून. या वेळी बंदरावर मजुरांचा ‘रक्षक’ म्हणून अधिकारी बसला: प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स. हे पदनाम लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

मुंबई बंदरातून गेलेल्यांत मराठी बोलणारे बरेच होते, रत्नागिरीकडचे, साताऱ्याकडचे. एकूण साडेचार लाखांच्या आसपास माणसं मॉरिशसला गेली. त्यात हा वाटा लहान होता, पण तो टिकला. मॉरिशसमध्ये मराठी समाज आजही आहे आणि गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. आपण ही गोष्ट अभिमानाने सांगतो. पण तिच्यात एक कलम दडलेलं आहे, जे आपण सांगत नाही. परतीचा मोफत प्रवास हा मजुराचा हक्क होता, तो मॉरिशसमध्ये १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला काढून घेतला गेला. म्हणजे सगळेच काही ‘स्थायिक व्हायचं’ ठरवून राहिले नाहीत. काहींच्या बाबतीत परत यायचं तिकीटच कागदावरून पुसलं गेलं होतं.

परक्या सरकारांशी केलेले करार

इथपर्यंत गोष्ट एकाच साम्राज्याच्या आतली होती. खरा आंतरराष्ट्रीय करार झाला तो १८६० मध्ये. फ्रान्सलाही रीयुनियन बेटावरच्या ऊसमळ्यांसाठी मजूर हवे होते. ब्रिटन आणि फ्रान्स यांनी सही केली आणि फ्रान्सला ब्रिटिश हिंदुस्थानातून भरतीची परवानगी मिळाली.

त्या कराराच्या अटी आज वाचल्या तर आश्चर्य वाटतं. मुदत पाच वर्षं. काम आठवड्याचे सहाच दिवस, दिवसाला साडेनऊ तासांहून जास्त नाही. मुदत संपल्यावर फुकट परतीचा प्रवास. आणि बेटावर ब्रिटिश वकील, म्हणजे कॉन्सल, ज्याच्याकडे मजुराने तक्रार घेऊन जायचं. १८६० साली आठवड्याची सुट्टी आणि कामाचे तास लिहून दिलेला हा कागद होता. आमच्याकडच्या ऊसतोड कामगाराला असा कागद आजही मिळत नाही.

मग रीयुनियनमध्ये झालं काय? तक्रारी इतक्या साचल्या, की १८७७ मध्ये दोन्ही सरकारांना मिळून चौकशी करावी लागली. एक ब्रिटिश अधिकारी, मेजर जनरल गोल्डस्मिड, आणि एक फ्रेंच अधिकारी, मियो, बेटावर फिरले. ठरल्यापेक्षा जास्त तास काम, थकवलेली मजुरी, लांबवलेल्या मुदती, तक्रारदाराच्या वाटेत घातलेले अडथळे हे सगळं समोर आलं. सुधारणा होत नाहीत हे दिसल्यावर १८८२ मध्ये हिंदुस्थान सरकारने रीयुनियनची भरती बंद केली. त्यानंतर ती पुन्हा रुळावर आली नाही.

नेदरलँड्सशी करार झाला ८ सप्टेंबर १८७० रोजी, दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामसाठी. त्यातही एक महत्त्वाची गोष्ट होती: मजूर डच मळ्यावर राबला, तरी तो ब्रिटिश प्रजाजनच राहील आणि ब्रिटिश कॉन्सलकडे दाद मागू शकेल. ‘लाला रूख’ हे पहिलं जहाज कलकत्त्याहून निघून ५ जून १८७३ रोजी पोचलं. सुरुवातीच्या जहाजांतून आलेली माणसं मोठ्या प्रमाणावर दगावली, तेव्हा भरती थांबवण्यात आली. ती १८७७ मध्ये पुन्हा सुरू झाली. १९१६ पर्यंत ३४ हजारांवर माणसं तिकडे गेली.

या दोन करारांवरून मला एक गोष्ट कळली. कागदावरची कलमं दोन्हीकडे बऱ्यापैकी सारखी होती आणि ती दोन्हीकडे मोडली गेली. मळ्यावरचा मुकादम साडेनऊ तासांचं कलम वाचून काम थांबवत नव्हता. फरक पडला तो एकाच गोष्टीने: माणसं पाठवणारं सरकार ‘आता पुढचं जहाज सुटणार नाही’ असं म्हणू शकत होतं. कॉन्सलच्या अहवालाला किंमत होती, कारण त्याच्या मागे बंद होऊ शकणारं बंदर होतं.

पण ते सरकारही आपलं नव्हतं. मळेवाले आणि साम्राज्य यांचा हिशेब जुळेपर्यंत ते बंदर उघडंच ठेवायचं. बंद करण्याची मागणी आपल्या माणसाच्या तोंडून यायला आणखी तीसेक वर्षं लागली.

कोतळूकचा माणूस

ज्या रत्नागिरी जिल्ह्यातून माणसं मॉरिशसला गेली, त्याच जिल्ह्यातल्या कोतळूक गावी १८६६ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले जन्मले. शाळेच्या पुस्तकात ते ‘मवाळ’ म्हणून भेटतात आणि पुढचं पान उलटलं की विसरले जातात. मीही विसरलो होतो.

२५ फेब्रुवारी १९१० रोजी गोखल्यांनी केंद्रीय विधिमंडळात ठराव मांडला: नाताळसाठी करारबद्ध मजुरांची भरती बंद करा. नाताळ म्हणजे दक्षिण आफ्रिकेतला ऊसमळ्यांचा प्रांत. तिथे १८६० पासून दीड लाखावर हिंदी मजूर गेले होते. गिरमिट संपल्यावर त्यांनी मुक्त नागरिक म्हणून राहू नये, यासाठी नाताळच्या सरकारने माणशी तीन पौंड वार्षिक कर बसवला होता. म्हणजे मजूर हवा, शेजारी नको. गोखल्यांचा युक्तिवाद सरळ होता. नाताळचे मळे आपल्या माणसांवर चालतात, तर तीच आपली ताकद आहे. सरकारने ठराव मान्य केला आणि १ जुलै १९११ पासून नाताळची भरती बंद झाली.

४ मार्च १९१२ रोजी त्यांनी पुढचा ठराव मांडला: सगळीकडचीच गिरमिट पद्धत बंद करा. मजुराला आपण कुठे, कोणाकडे जातोय हे माहीत नसतं, अटी त्याला समजलेल्या नसतात आणि काम सोडलं तर साध्या दिवाणी वादाऐवजी त्याला गुन्हेगार ठरवून तुरुंगात घालतात, हा त्यांचा आक्षेप होता. ठराव फेटाळला गेला. १९१५ मध्ये गोखले गेले. १९१६ मध्ये मदनमोहन मालवीयांनी तोच धागा उचलला, फिजीतल्या मजुरांचे हाल सी. एफ. अँड्र्यूज यांनी लोकांसमोर आणले, देशभर सभा झाल्या. अखेर १९१७ मध्ये भरती थांबली आणि १ जानेवारी १९२० रोजी फिजीतले उरलेसुरले करारही रद्द झाले.

१९२२ च्या कायद्यात या लढ्याचं फळ दिसतं. अकुशल मजूर कोणत्या देशात, कोणत्या अटींवर जातील हे ठरवणारी अधिसूचना विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांच्या मंजुरीशिवाय काढता येणार नव्हती. नाव, मुदत, तास हे सगळं आधीही होतं. नवं होतं ते हे, की थांबवायचं की नाही यावर आता पाठवणाऱ्या देशातल्या लोकांना बोलता येणार होतं.

रक्षक अजून आहे

स्वातंत्र्यानंतर बराच काळ हाच कायदा चालला. १९७० च्या दशकात आखाती देशांत तेलाचा पैसा आला, कोकणातून आणि मुंबईतून माणसं विमानाने निघाली आणि दलालांचा सुळसुळाट झाला. तेव्हा १९८३ चा परदेशगमन कायदा आला. त्यातही अधिकाऱ्याचं नाव तेच राहिलं: प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स. गिरमिटाच्या जहाजांवर नजर ठेवणारं पद आज मुंबईत आखाताकडे जाणाऱ्या गवंड्याची कागदपत्रं तपासतं.

ज्याचं शिक्षण दहावीपेक्षा कमी आहे, त्याला ठरावीक १८ देशांत नोकरीसाठी जाताना ही मंजुरी लागते. भरती करणारा परवानाधारक हवा, करार हवा, विमा हवा. संयुक्त अरब अमिराती, कुवेत, बहरीन, सौदी अशा देशांशी भारताने वेगवेगळे सामंजस्य करार केले आहेत. यातून फसवणूक संपली असं कोणी म्हणणार नाही. पण आखातात मजुरी थकली तर जायला भारतीय दूतावासाचा दरवाजा असतो.

थांबवण्याच्या ताकदीला दुसरी धारही आहे, हे इथे सांगायला हवं. घरकामासाठी यातल्या देशांत जायला तीस वर्षांखालच्या स्त्रियांना मंजुरी मिळत नाही. हेतू रक्षणाचा आहे. पण जिची गरज मोठी असते, ती पर्यटकाच्या व्हिसावर, दलालाच्या भरवशावर जाते आणि मग सरकारच्या नोंदीत ती नसतेच. बंदर बंद करणारा जेव्हा जाणाऱ्याला विचारत नाही, तेव्हा बंदीही त्याच्या डोक्यावरून जाते.

आमची सीमा

आता लोणखेड्याला परत येऊ.

१ मे १९६० पर्यंत शहादा आणि बारडोली एकाच मुंबई राज्यात होती. त्या दिवशी महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले. पश्चिम खानदेशातली निझर, उच्छलकडची गावं गुजरातेत गेली. सोयरिकी, बाजार, बोली दोन्हीकडे तशाच राहिल्या. बदललं ते एवढंच, की ऊस तोडायला जाणारा माणूस त्या दिवसापासून ‘परप्रांतीय’ झाला.

बारडोलीच्या साखर कारखान्यांवर खानदेशातून येणाऱ्या या मजुरांवर जान ब्रेमन या समाजशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत मोठा लेख लिहिला. ब्रेमन नेदरलँड्सचे, म्हणजे सुरीनामचा करार करणाऱ्या देशाचे. त्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता: बारडोलीच्या आसपास भूमिहीन हळपती मजूर असताना लांबून माणसं का आणायची? उत्तर असं, की लांबून आलेला, उचल घेतलेला, मुकादमाच्या टोळीत बांधलेला माणूस जास्त मुकाट्याने राबतो. रीयुनियनच्या मळेवाल्यालाही हेच हवं होतं.

पद्धत आजही ओळखीची आहे. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, तेव्हा मुकादम उचल देतो. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. हंगामभर पडावावर पालात राहायचं, पहाटे अंधारात फडात उतरायचं, मोळ्या बांधायच्या, वाहन येईल तेव्हा भरायच्या, मग ते मध्यरात्री का येईना. खाण्यासाठी मिळणारी खावटी हिशेबात वळती होते. हंगाम संपल्यावर हिशेब होतो आणि पुष्कळदा उचल फिटलेलीच नसते. मग पुढच्या वर्षी पुन्हा तोच मुकादम.

काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्या पावरा कुटुंबाने मला मुकादमाची वही वाचायला बोलावलं होतं. दोघांनी सहा महिने ऊस तोडला होता आणि अंगावर कर्ज उरलं होतं. वही गुजरातीत होती. मला अक्षरं जेमतेम लागत होती. आकडे लागले, पण कशाचे ते लागेना. काही ठिकाणी टनांसमोर नुसती खूण होती. ‘हे चुकीचं आहे म्हणून कुठे सांगायचं?’ असं त्या बाईने विचारलं. मी तालुक्याच्या ठिकाणी चौकशी केली. काम गुजरातेत झालं, तिकडे जा, असं ऐकायला मिळालं. तिकडे फोन केला, तर मजूर महाराष्ट्रातले आहेत, तिकडे सांगा. शेवटी त्यांनी पुढच्या वर्षाची उचल घेतली.

कायदा नव्हता असं नाही. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा होता. कंत्राटदाराला परवाना हवा, मजुराला फोटो लावलेलं पासबुक हवं, घर सोडल्याबद्दल विस्थापन भत्ता हवा, प्रवासखर्च हवा. पुढे तो २०२० च्या कामगार संहितेत समाविष्ट झाला. पासबुक मागणारा मजूर मात्र मी अजून पाहिलेला नाही. महाराष्ट्राने ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ काढलं. त्यासाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये द्यायचे आहेत. पण गुजरातेत गाळलेल्या उसावर महाराष्ट्राची पट्टी कशी लागणार? नंदुरबारच्या घामाचा ऊस त्या हिशेबाबाहेरच राहतो.

म्हणजे १८७० च्या दशकात सुरीनाममध्ये राबणाऱ्या मजुराला, निदान कागदावर, ब्रिटिश कॉन्सल होता. आज दुबईतल्या गवंड्याला दूतावास आहे. एका रात्रीच्या ट्रकप्रवासाच्या अंतरावर ऊस तोडणाऱ्या पावऱ्याला, भिल्लाला कोणीच नाही. देशाची सीमा ओलांडणाऱ्यासाठी दोन सरकारं कागद करतात. राज्याची सीमा ओलांडणाऱ्यासाठी दोन सरकारं एकमेकांकडे बोट दाखवतात.

आणि थांबवण्याची ताकद? ती या मातीला अगदीच अनोळखी नाही. १९७२ मध्ये शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारखे भिल्ल समाजातले नेते आणि बाहेरून आलेले तरुण कार्यकर्ते यांनी गेलेल्या जमिनी आणि सालदारांची मजुरी हे प्रश्न लावून धरले. वर्षभरासाठी बांधला गेलेला सालदार ‘या दरात काम करणार नाही’ असं म्हणू लागला, तेव्हाच त्याच्याशी बोलणी सुरू झाली. ते सगळे गावातल्या गावात होते, म्हणून एकत्र येऊ शकले. ट्रकमध्ये बसून वेगवेगळ्या पडावांवर विखुरलेल्यांना ते जमवणं फार कठीण आहे.

तिला दिलेलं उत्तर

नर्सिंग करणाऱ्या मुलीला मी नंतर सविस्तर उत्तर लिहिलं. आधी बातमीच्या मागचा मोठा कागद सांगितला. भारत आणि जर्मनी यांनी ५ डिसेंबर २०२२ रोजी दिल्लीत स्थलांतर भागीदारीचा करार केला. त्यात नोकरी शोधायला येणाऱ्यांसाठी वर्षाला ३ हजार व्हिसा आहेत, विद्यार्थ्यांना शिक्षणानंतर १८ महिने राहण्याची मुभा आहे आणि बेकायदा राहणाऱ्यांना परत घेण्याची प्रक्रियाही आहे. फ्रान्स, ब्रिटन, इटली यांच्याशीही असे करार झाले आहेत. त्यांना हवे ते हात मिळतात, नको ती माणसं परत पाठवता येतात. आपल्याला कायदेशीर वाट मिळते. यात वाईट काही नाही, पण हा व्यवहार आहे हे विसरायचं नाही.

मग तिला लिहिलं: तू गिरमिटिया नाहीस. काम सोडलंस म्हणून तुला कोणी तुरुंगात टाकणार नाही, आणि ते तसं नसावं म्हणून इथल्या माणसांना फार भांडावं लागलं आहे. तरी सही करण्याआधी तीन गोष्टी विचार. करार तुला वाचता येईल अशा भाषेत आहे का? तिथे मजुरीवरून वाद झाला तर तू कोणत्या दारात जाणार, त्याचा पत्ता तुझ्याकडे आहे का? आणि नाही पटलं तर कोणाचं कर्ज डोक्यावर न घेता तुला परत येता येईल का?

तिने तिन्ही प्रश्न वहीत लिहून घेतले. संस्थेत जाऊन विचारले. पहिल्याचं उत्तर मिळालं, दुसऱ्याचं अर्धं, तिसऱ्याचं अजून मिळायचं आहे. ती जर्मन शिकतेच आहे.

या दिवाळीनंतर ट्रक निघतील तेव्हा तेच तीन प्रश्न तिथेही लागू आहेत. वही वाचता येते का, दार कुठलं, कर्जाशिवाय परतता येतं का. ते मुकादमाला विचारून उपयोग नाही. ते गांधीनगर आणि मुंबईला एकाच टेबलावर बसवून विचारायला हवेत. फ्रान्स आणि ब्रिटन शतकांचे वैरी होते, तरी साखरेसाठी एका टेबलावर बसले. आपण तर १९६० पर्यंत एकाच राज्यात होतो.